चार सडांचा चीक

पवळी व्याली त्या दिवशी मी तिच्या चारही सडांचा चीक काढून आळीभर वाटला आणि वासरासाठी थेंबही ठेवला नाही. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण आमच्या घराण्यात ही गोष्ट माझ्याआधी सांगायला चार तोंडं तयार असतात आणि प्रत्येक तोंड तीत पदरचं काहीतरी घालतं. वासराचा वाटा मी स्वतःच पिऊन टाकला, असंही एका भाच्यानं पसरवलं आहे. ते साफ खोटं. कच्चा चीक पिववत नाही. मी चाखून पाहिला होता.

आमचं घर कसब्यात, तांबटांच्या आळीला पाठ लावून. पहाटे वाड्यावरचा चौघडा झडायचा, तो थांबतो न थांबतो तोच तांबटांच्या हातोड्या सुरू व्हायच्या, त्या थेट दिवेलागणीपर्यंत. त्या ठणठणाटात वाढल्यामुळे आमच्या घरात हळू बोलायला कुणी शिकलंच नाही. आमच्याकडची कानगोष्टसुद्धा परसापर्यंत ऐकू जायची. आता चौघडा कायमचा बंद पडला, हातोड्यांचाही जोर ओसरला, पण मी अजून ओरडूनच बोलतो आणि माझ्या सुना दारं ओढून घेतात. त्या वर्षी वडील कारकुनीच्या कामावर फौजेबरोबर स्वारीला गेले होते. मागे घरात आम्ही तिघं: आई, काकू आणि मी. काकू म्हणजे वडिलांच्या दिवंगत थोरल्या भावाची बायको. स्वयंपाकघर तिचं, कोठीच्या किल्ल्या तिच्या आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीचा शेवटचा शब्दही तिचा. आईचे डोळे लगेच भरून येत. काकूचे डोळे मी भरलेले पाहिले ते फक्त मिरच्या कुटताना. निघताना वडिलांनी माझ्या पाठीवर हात ठेवून "त्र्यंबका, आता घरातला कर्ता पुरुष तू," असं म्हटलं. रीत म्हणून म्हटलं असणार. मी ते खरं धरलं. मिसरूड नुकतं फुटत होतं, ते दिवसातून दहादा चाचपून पाहायचो आणि गोठ्यात, कोठीत, चुलीपाशी, जिथं माझी काडीची गरज नव्हती तिथं जाऊन हुकूम सोडायचो. काकू म्हणायची, "कर्ता पुरुष जरा बाजूला सरकेल का? केर काढायचाय."

पवळी आईच्या माहेरची, लोणीची. गाभण असतानाच मामांनी पाठवली. तिला घेऊन आलेला गुराखी उंबऱ्याशी बसून ताक पिता पिता आईला म्हणाला, "ताईसाहेब, ही पोटात कालवडच घेऊन आलीया. आन् कास बघा कशी हाय! चीक धरायला भांडी पुरायची न्हाईत तुमास्नी." आईनं ते ऐकून पवळीवरून मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. मी ऐकून वेगळंच केलं. तांबटांच्या पोरांत जाऊन सांगितलं की आमची गाय व्याली की अख्खी आळी खरवस खाईल. हल्ली पुण्यात खरवस सगळ्यांना कळतो, तो ज्याचा होतो तो चीक मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. माझ्या धाकट्या सुनेला चीक म्हटलं की कुरडयांचा, गव्हाचाच आठवतो. व्यालेल्या गाईचं पहिलं दूध ते चीक. पिवळं, दाट, बोट बुडवलं तर बोटावर चढून बसणारं. त्यात गूळ आणि वेलदोडा घालून भांडं वाफेवर ठेवलं की आपसूक थिजतं, विरजण नको की काही नको. सुरीनं वड्या पाडायच्या. त्या ताटलीत थरथरतात तेव्हा त्यांच्याकडे बघूनच निम्मं पोट भरतं. उरलेलं निम्मं भरायला चार वड्या लागतात.

पण आळी हे निमित्त. माझा खरा डोळा होता सासऱ्यांवर. लग्न होऊन वर्ष झालं होतं. मुलगी त्या काळच्या रीतीप्रमाणे अजून माहेरीच होती. ते घर आमच्यापासून दोन आळ्या पलीकडे. सासऱ्यांना सारी पेठ अण्णाशास्त्री म्हणे. माणूस सडपातळ, आवाज बारीक आणि कुणाचा अपमान करायचा झाला तरी 'आपण' म्हणून करायचा. दिवाळसणाला त्यांनी मला भर पंगतीत संध्येतलं काहीतरी सोपंसं विचारलं. मी घाबरून उत्तर दिलं ते जेवणाआधी म्हणायच्या श्लोकातलं. त्यावर ते एवढंच म्हणाले, "जावईबुवांना भूक लागलेली दिसते. वाढा." पंगत हसली. दाराआडूनही एक हसू ऐकू आलं, बांगड्यांसकट. तेव्हापासून मी त्या घराला काहीतरी दाखवायच्या पाठीस लागलो होतो, आणि दाखवायला माझ्याजवळ पवळीखेरीज काही नव्हतं.

मार्गशीर्षातली थंडी होती. आई आणि काकू सकाळीच शनवारात एका मुंजीला गेल्या. जाताना काकूनं गाईकडे बघून मान हलवली. "आज व्यायची नाही. आणि व्यालीच, तर शहाणपणा करू नकोस. वासरू तिच्या तोंडाशी ठेव, चाटू दे, पिऊ दे, आणि मला बोलावणं पाठव. कासेला हात लावशील तर याद राख." मी मान डोलावली. त्या गेल्यावर घटकाभरानं पवळी उठबस करू लागली आणि ऊन परसात उतरेपर्यंत व्यालीसुद्धा. कालवडच होती. तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका, आणि पाय इतके लांब की तिचे तिलाच आवरेनात. पवळी तिला चाटू लागली. मी दोघींकडे बघत कर्त्या पुरुषासारखा कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.

बोलावणं पाठवलं असतं तर हे प्रकरण इथंच संपलं असतं. पण पवळीची कास नगाऱ्यासारखी तट्ट फुगली होती आणि गुराख्याचे शब्द माझ्या डोक्यात घुमत होते. दोन सड वासराचे, दोन घराचे, ही रीत शेंबडं पोरही जाणतं. मीही जाणत होतो. पण कुठल्याशा पारावर मी असंही ऐकलं होतं की गाईची वार, म्हणजे वासरामागून पडणारं वेष्टन, पडेपर्यंत वासराला पाजू नये, बाधतं. ते खरं की खोटं हे विचारायला काकू हवी होती आणि काकू नव्हती, हीच तर त्या दिवसाची गोडी. मी मनाशी ठरवलं: वार पडेपर्यंत वासराला नाहीतरी पाजायचं नाही, मग तोवर कास रिकामी केली तर बिघडलं कुठं? वार पडेल तोवर पुन्हा भरेल. गाय म्हणजे विहीर, उपसावं तसं येतं, अशी काहीतरी माझी समजूत होती. कालवडीला उचलून गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात पेंढ्यावर ठेवली, गोणपाट पांघरलं, आणि पवळीच्या पायाला भाला घालून, म्हणजे मागचे पाय दोरीनं बांधून, धार काढायला बसलो. चारही सड. शेवटी शेवटी तर पिळून काढले. पवळी मान वळवून वळवून त्या कोपऱ्याकडे हंबरत होती. मला वाटलं, कौतुक करतेय.

मग वाटप. तांबटांच्या येसूकाकूकडे एक मोठा गडू. शेजारच्या नाना वैद्यांकडे तांब्या. कोपऱ्यावरच्या शेख अत्तरवाल्यांकडे त्यांच्याच पातेल्यात ओतून दिला. आणि सगळ्यांत मोठी पितळी चरवी, काठोकाठ, सासुरवाडीला, मी स्वतः, डोक्यावर पागोटं बांधून. सासरे घरी नव्हते. सासूबाईंनी चरवीत डोकावून पाहिलं, काही न बोलता ती उचलली आणि माजघरात न नेता मागच्या दारानं परसात नेली. दाराआड बांगड्या वाजल्या आणि पुन्हा ते हसू. एवढा चीक पाहून सासूबाई अवाक् झाल्या आणि बायको हरखली, असा अर्थ घेऊन मी तरंगत घरी आलो. उरलेला वाटीभर चीक मीच चुलीवर वाफवायला ठेवला, गूळ अदमासानं घातला. म्हणजे भरपूर.

आई आणि काकू परतल्या तेव्हा मी ओसरीवर बसून खरवस खात होतो. बातमी ऐकून आई धावतच गोठ्यात गेली. काकू तिच्यामागून. मीही वाटी घेऊन गेलो, शाबासकी घ्यायला. कालवड मी ठेवली होती तशीच पेंढ्यावर पडली होती. मान टाकलेली, डोळे अर्धे मिटलेले. काकूनं तिच्या तोंडात बोट घातलं आणि तशीच वर पाहत मला म्हणाली,

"तोंड गार पडलंय हिचं. पाजलंस ना?"

"वार पडायची होती."

"वार पडलीय ती मला दिसतेय. पाजलंस का?"

"भरेल की कास पुन्हा," मी म्हणालो. "एक थेंब वाया नाही घालवला, काकू. सगळा वाटला."

आई पेंढ्यावर बसून वासराचे पाय चोळू लागली. काकू उठली, पवळीच्या कासेला हात लावला. एक सड ओढला, दुसरा ओढला. पवळीनं लाथ झाडली. वासरू ओढून नेलेलं, कास पिळून काढलेली. तिनं धार चोरली होती, थेंब सोडीना. आईनं अंग चोळून पाहिलं, लाडीगोडी करून पाहिली, काही नाही. काकू माझ्याकडे वळली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आमच्या घरात एवढ्या हळू बोललेलं मी त्या दिवशी प्रथम ऐकलं.

"पहिला चीक पोटात गेल्याशिवाय वासरू उभं राहत नाही, त्र्यंबका. हे आज दिवस मावळेपर्यंत उभं राहिलं नाही तर उद्या उचलून न्यावं लागेल. ते गेलं तर पवळी आटली. आणि ते गेलं तर गोहत्येचं पाप फेडायला तुझ्या गळ्यात तिचं दावं बांधून तुला दारोदार भीक मागायला पाठवतात, ठाऊक आहे? तोंडानं शब्द काढायचा नाही. फक्त हंबरायचं. तुझा बाप स्वारीवरून येईल तेव्हा कर्ता पुरुष त्याला वेशीवरच भेटेल, हंबरत."

"मग आता?"

"आता जे वाटून आलास ते आण परत. माझ्या तोंडाकडे काय बघतोस? पळ! आणि ती वाटी खाली ठेव."

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. चिकाचं भांडं रिकामं परत द्यायचं नसतं. रिकामं दिलं तर गाय आटते म्हणतात. गुळाचा खडा, मूठभर जोंधळे, जे घरात असेल ते घालायचं. आणि दिलेला चीक परत मागायचा, हे तर आजवर कुणी ऐकलेलंच नव्हतं; त्याला रीतच नव्हती. मी हातात रिकामी कासंडी घेऊन तांबटांच्या दारात जाऊन उभा राहिलो, तेव्हा येसूकाकूनं जे समजायचं तेच समजलं.

"अरे तिंबा, भांडं न्यायला एवढ्यात आलास? आम्ही काय गिळणार होतो ते?" हातोड्यांवर आवाज चढवून ती म्हणाली. आळीला मी त्र्यंबक नव्हे, तिंबाच.

"काकू, तो चीक..."

"झाला! वड्यासुद्धा पडल्या. ही पोरं बघ, भांडं चाटतायत. ये, बस."

"नाही, मला चीकच परत पाहिजे होता. कच्चा."

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "परत? अरे, दिलेला चीक परत मागतात होय? गाय आटेल तुझी! आई कुठाय तुझी? बरं नाही का तुला?" आणि मी आणखी काही बोलायच्या आत कासंडीत नव्या गुळाचा भला मोठा खडा टाकला. वर गडू हातात दिला. वासराचं सांगायला जीभ उचलेना. गल्लीतली सगळी पोरं मी दिलेला खरवस खात माझ्याकडे कृतज्ञतेनं बघत होती.

नाना वैद्य ओसरीवर पोट चोळत बसले होते. "उत्तम," ते म्हणाले. "पचायला जड, पण उत्तम. वेलदोडा असता तर आणखी उत्तम झाला असता; पण फुकट मिळालेल्याला नावं ठेवू नयेत." मी चीक शिल्लक आहे का विचारलं. "शिल्लक? माझ्याकडे? मला ओळखत नाहीस का तू?" त्यांच्या बायकोनं कासंडीत ओंजळभर जोंधळे ओतले. अत्तरवाल्या शेखचाचांनी दुरूनच हात उंचावला. "आओ तिंबाशेठ! बेगमनं साखर घालून केलाय, बसा, खाऊन जा." मी बसलो नाही म्हणून ते रुसले. "मग असं रिकाम्या हातानं पाठवायचं? तुमचाच रिवाज आहे," असं म्हणून त्यांनी वाळ्याच्या अत्तराचा फाया माझ्या कानात बसवला. अशा रीतीनं, वासरू मरायला टेकलेलं असताना मी भर कसब्यात गूळ आणि जोंधळे घेऊन, नवरदेवासारखा घमघमत धावत होतो.

उरलं सासर. खरं सांगतो, मी आळीच्या तोंडाशी थांबलो. सबंध पुण्यात ज्या एका माणसासमोर मला शहाणं दिसायचं होतं, त्याच्याच दारात जाऊन दिलेली भेट परत मागायची! वळावं असं वाटलं. मग कालवडीची ती टाकलेली मान डोळ्यांपुढे आली, आणि दाव्याचंही आठवलं. दोन्हींत जास्त कशानं पळालो ते आज सांगता येत नाही. सासरे ओसरीवर बसलेले. मी अंगणात येऊन उभा राहिलो तो छातीचा भाता झालेला, तोंडाला कोरड. शब्द म्हणून काही फुटेना. "चीऽ... वाऽ... आँऽ..." असं काहीतरी झालं.

अण्णाशास्त्रींनी पोथी मिटली. "जावईबुवा, पाणी घ्या. मग बोला."

पाणी घेतलं, आणि मग मात्र सगळं भडाभडा ओकलो. चार सड, वार, गूळ, काकू, सगळं. ऐकताना त्यांचा चेहरा हलला नाही. संपल्यावर ते म्हणाले, "आपण सकाळी आणलेली चरवी परसात बांबूच्या डालीखाली आहे. हात न लावता ठेवलीय. गाय व्याल्यावर दहा दिवस तिचं दूध आमच्या घरी चालत नाही, शास्त्र आहे. सारं पुणं शास्त्र मानतं आणि सारं पुणं खरवस खातं, तो भाग वेगळा. आमच्या घरात चीक आणणारे आपण पहिलेच. सकाळपासून मंडळी हसतायत. गड्याला देऊन टाकणार होतो. आपल्या सुदैवानं तो आज आला नाही."

चीक तसाच होता. ओल्या फडक्याखाली, थंड, काठोकाठ. मी चरवी उचलली आणि तसाच घाईनं वळलो. दाराआड या वेळी हसू नव्हतं. एक बारीक आवाज म्हणाला, "हळू. सांडेल." बायकोचे माझ्याशी झालेले ते पहिले शब्द. पुढं जन्मभर तिनं माझ्याशी जे बोलणं केलं त्याचा गाभा बराचसा हाच राहिला.

घरी काकूनं कोमट पाण्यात चरवी धरली. मी घाईनं चुलीवर ठेवू लागलो तर हातावर फटका बसला. "थिजवतोस? मग तिला वड्या भरव!" आईनं कालवडीचं डोकं मांडीवर घेतलं, बोट चिकात बुडवून तिच्या तोंडात घातलं. पहिल्यांदा नुसतं ओघळलं. दुसऱ्यांदाही. मग एकदा जीभ हलली. आई रडू लागली, काकू म्हणाली, "रडू नकोस, बोट हलतं." पुन्हा चीक, पुन्हा बोट. हळूहळू ते कोवळं तोंड आईचं बोट ओढायला लागलं, मग चुपचुप आवाज यायला लागला. तांबटांच्या ठणठणाटातही तो मला स्पष्ट ऐकू येत होता. मी गोठ्याच्या दारात उभा होतो. चाचपायला मिसरुडापर्यंत हात गेला आणि तिथूनच परत आला. गूळ आणि जोंधळे काकूनं उकडून पवळीला घातले. बाळंतिणीला हेच तर हवं असतं. ऊन भिंतीवरून वर सरकलं तेव्हा कालवड मागच्या पायांवर उठली, पडली, पुन्हा उठली, आणि झोकांड्या खात पवळीकडे गेली. पवळीनं तिला चाटलं, आणि कासेला तोंड लागताच सोडली धार, चारही सडांत.

दिवेलागणीच्या सुमारास अण्णाशास्त्री आले. आमच्या घरी ते कधी येत नसत. चप्पल काढून सरळ गोठ्यापाशी गेले, कालवडीकडे बराच वेळ पाहिलं, पवळीच्या गळ्याखाली हात फिरवला. काकू पदर सावरून भिंतीआड उभी राहिली. माझ्या कानातला फाया अजून दरवळत होता.

काकूच भिंतीआडून म्हणाली, "वासरू जगलं, देवाची कृपा. पण शास्त्रीबुवांना विचारायचं होतं, आमच्या या मुलाला काही प्रायश्चित्त?"

सासऱ्यांनी क्षणभर विचार केला. अगदी गंभीरपणानं, पंचायतीत करावा तसा. मग ते बारीक आवाजात म्हणाले, "काही नको. दारोदार मागून झालंच आहे यांचं. हंबरून झालं, ते आमच्या अंगणात; आम्ही ऐकलं. राहिलं गळ्यातलं दावं. ते आम्ही गेल्या साली लग्नातच बांधलं. त्याच्या दुसऱ्या टोकाला आमची मुलगी आहे, एवढंच वाईट वाटतं."